मालदीवच्या रिसॉर्टवर लाकडी बांधकाम: नव्या इंजिनियरांसाठी

मालदीवला साइटवर जायचं ठरवत असाल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे खडी, सिमेंट, लाकूड, सगळं बोटीनं येतं. पूर्वी घरं आणि मशिदी प्रवाळाच्या दगडात बांधत, आता प्रवाळ खणायला बंदी आहे. त्यामुळे पाण्यावरच्या व्हिलांत लाकडाचा वापर भरपूर होतो, आणि 'पर्यावरणपूरक' हा शब्द प्रत्येक टेंडरमध्ये दिसतो.

माझं ठाम मत असं की तो शब्द खरा ठरतो लाकूड किती वर्षं टिकलं त्यावर. वाढताना झाडानं घेतलेला कार्बन लाकडात साठलेला असतो, कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बनच. पण तोच डेक, म्हणजे व्हिलाबाहेरचा फळ्यांचा ओटा, सात-आठ वर्षांत उखडून नवा घालायचा असेल, तर पुन्हा झाडं, पुन्हा जहाज. मग एफएससीचा, म्हणजे जबाबदारीनं सांभाळलेल्या जंगलातलं लाकूड असल्याचा, शिक्का असून काय उपयोग? शिक्का हवाच, आणि तो तपासायचाही. बिलावर एफएससीचा दावा आणि विकणाऱ्याचा प्रमाणपत्र क्रमांक दोन्ही आहेत का ते दर खेपेला बघा, एकदा बघून थांबू नका. इपे आणि कुमारू ही डेकसाठी लोकप्रिय लाकडं 2024 च्या अखेरीपासून साइटीस, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवान्याचे कागदही लागतात. ते नसतील तर माल कस्टममध्ये अडकतो आणि काम खोळंबतं.

आता लाकूड नेमकं कशानं जातं ते. नवी मुलं सगळा दोष खाऱ्या पाण्याला देतात. प्रत्यक्षात शत्रू दोन आहेत आणि त्यांची जागा वेगळी आहे. समुद्राच्या पाण्याखाली टेरेडो, म्हणजे शिंपल्याच्या कुळातला, किड्यासारखा दिसणारा प्राणी. तो आत शिरतो ते भोक टाचणीच्या डोक्याएवढं, त्यामुळे खांब बाहेरून धड दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी पाण्यातले खांब काँक्रीटचे आणि लाकूड त्याच्या वर. वर मात्र लाकूड कुजतं ते पावसाच्या गोड्या पाण्यानं. ओलावा 20 टक्क्यांखाली राहिला तर बुरशी वाढत नाही; पाणी साचून राहिलं की तिचं फावतं.

एका व्हिलाचा डेक उघडताना हे जवळून पाहिलं. वरची फळी ठणठणीत. तिच्याखालच्या तुळईचा सपाट माथा मात्र स्क्रूभोवती काळा पडलेला, नख लावलं तर चहाच्या चोथ्यासारखा सुटत होता. फळी आणि तुळई यांच्यात पाणी अडकत होतं आणि स्क्रूच्या भोकातून आत उतरत होतं. उपाय महाग नव्हता: तुळईच्या माथ्यावर जलरोधक पट्टी, फळ्यांमध्ये पुरेशी फट, स्क्रूआधी ड्रिलचं भोक, आणि कापलेल्या प्रत्येक टोकाला त्याच दिवशी मेणाचं सीलर. लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकातूनच पितं. स्क्रू 316 ग्रेड स्टेनलेसचेच हवेत. 304 समुद्राकाठी तांबूस डाग धरतो, आणि साध्या लोखंडाजवळ लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काळे ओघळ उतरतात.

लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर स्वतःचा घ्या. बाहेरच्या हवेत लाकूड 15-16 टक्क्यांवर स्थिरावतं, एसीच्या खोलीत 9-10 वर. ओलाव्यानुसार लाकूड फुगतं-आकसतं, म्हणून दोन्हींच्या मधल्या दारांत फट किती ठेवायची, हे ड्रॉइंगमध्ये नसेल तर तुम्ही विचारलंच पाहिजे.

कॉलेजात लाकडावर जेमतेम एखादा धडा असतो. आयएस 883 (लाकडी बांधकामाची रचना) आणि आयएस 401 (लाकूड टिकवणं) ही भारतीय मानकं वाचा, जोडीला युरोपचं लाकडी बांधकामाचं मानक, युरोकोड 5. आपल्याकडे देहरादूनची वन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था लाकडावर काम करतात; त्यांचे छोटे अभ्यासक्रम निघतात का यावर नजर ठेवा. त्याहून मोलाचं म्हणजे कोकणात जिथे अजून लाकडी होड्या दुरुस्त होतात तिथे जाऊन बसणं. होडी किनाऱ्यावर का ओढतात, तेल कधी चोपडतात, कुठली फळी आधी बदलतात, हे बारकाईनं बघा. आपल्याकडे ज्या उंडीचं तेल होड्यांना लावत आले, तेच झाड मालदीवमध्ये फुना म्हणून ओळखलं जातं आणि तिथल्या बोटींत त्याचं लाकूड वापरलं गेलंय.

साइटवरचे सुतार बरेचदा बांगलादेशी असतात, हिंदीवर निभावतं. त्यांना 'भाई' म्हणा आणि सांधा बसवण्याआधी त्यांचं मत घ्या. ओल्या फळीचं वजन त्यांच्या हाताला मीटरच्या आधी कळतं.

डिसेंबर ते एप्रिल तुलनेनं कोरडा काळ, उघडी लाकडी कामं तेव्हा उरकायची. मे उजाडला की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत बार्ज, म्हणजे माल आणणारी सपाट बोट, बेटाला लागणंच कधी कधी अवघड होतं.

मुलाखतीत तुम्हीही एक विचारा: बिघडलेली एकच फळी शेजारच्या न उचकटता बदलता येईल असं डिटेल आहे का, आणि दहा वर्षांनी तीच जाडी मिळावी म्हणून जास्तीच्या फळ्या बेटावर ठेवणार का? समोरच्यानं याचं नीट उत्तर दिलं तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्या.