मालवणच्या पाण्यात फोटो हिरवट येत होते, ते असं सुधारलं

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला ॲक्शन कॅमेरा नेला की फोटोत सगळं हिरवट आणि वर पांढरे ठिपके, मासा कुठला नि कचरा कुठला कळायचं नाही. ठिपके टॉर्चमुळे. आपलं पाणी काय लक्षद्वीपसारखं नितळ नाही, गाळाचे कण तरंगत असतात आणि उजेड त्यांच्यावरच आपटून परत येतो, म्हणून टॉर्च बंदच केला. रंगाचं म्हणाल तर लाल रंग पाणी पहिल्या 4-5 मीटरमध्येच बराचसा खाऊन टाकतं, झूम करून काही होत नाही कारण मधलं पाणी तेवढंच राहतं ना! मग सूर्य पाठीशी घेऊन नुसतं तरंगत राहायचं, पाय मारले की वाळू उडते नि मासे पळतात, गप्प राहिलं की हातभर अंतरावर येतात, तेव्हा बर्स्ट मोड, म्हणजे एका दमात पटापट बरेच फोटो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ती सेटिंग, ऑटोवर न ठेवता पाण्यातच पांढऱ्या पाटीवर सेट केला, यानेच सगळ्यात जास्त फरक पडला. पाव टाकून मासे जमवणं मात्र मला पटत नाही, 1987 पासून हे सागरी अभयारण्य आहे. लेन्सवर वाफ धरत असेल तर कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ केस रूमवर एसीतच बंद करा आणि आत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका.