लग्नाच्या जुन्या व्हीसीडीतून फक्त आवाज काढताना

आधी चकतीवरच्या 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल (चित्रण आणि आवाज हिच्यातच असतो) हार्ड डिस्कवर उतरवा. ओरखडे असले तर थेट चकतीवरून रूपांतर मध्येच अडकतं. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये मीडिया, कन्व्हर्ट/सेव्ह, ही फाइल जोडा, प्रोफाइल एमपी३ निवडा. शेजारच्या पान्याच्या चिन्हावर टिचकी मारून ऑडिओ कोडेकमध्ये बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा, केबीपीएसमध्ये) १९२ आणि सॅम्पल रेट ४४१०० ठेवा. ३२० बिटरेटचा मोह नको. व्हीसीडीतला मूळ आवाजच एमपी२ या जुन्या ऑडिओ प्रकारातला, २२४ केबीपीएसचा. आकडा वाढवून फाइल फुगते, सनई काही सुधारत नाही. 'डिस्प्ले द आउटपुट'वरची खूण काढा, नाहीतर तासाभराच्या फाइलला तासभर लागतो. नव्या फाइलच्या नावाच्या शेवटी .एमपी३ आहे ना, तेही बघा. मूळ डॅट मात्र पुसू नका.