पेन्सिलीने काढलेली बत्तीस वर्षे : पहिले मोठे कोलाज करणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी राहून मी २२ बाय ३० इंचांच्या एकाच कागदावर आपल्या देशाची १९९१ ते २०२३ ही बत्तीस वर्षे, अनेक दृश्ये एकमेकांना जोडून, केवळ पेन्सिलीने काढली. त्याला सात महिने लागले. ज्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या आहेत त्यांना छायाप्रकाश, प्रमाणबद्धता आणि चौकटी आखून चित्र मोठे करण्याची रीत ठाऊक असतेच, म्हणून त्याविषयी मी येथे लिहीत नाही. ज्या एका ठिकाणी मी फसले, ते मात्र सविस्तर सांगते. कारण ते आठवले की अजूनही मला वाईट वाटते.

११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला झालेल्या अणुचाचण्यांसाठी मी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात छत्रीसारखा पसरलेला प्रचंड ढग काढला होता, कारण अणुस्फोट म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे तोच येत असे. ६ बी आणि ८ बी या मऊ, गडद पेन्सिलींचे थर देत आणि कापसाच्या बोळ्याने ते घासत मी त्यावर अकरा रात्री घालवल्या. मग सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलेले एक काका चित्र पाहायला आले आणि थोडा वेळ पाहून म्हणाले, "पोरी, हा ढग कायचा व? स्फोट त जमिनीच्या पोटात झाला व्हता." त्यांचे म्हणणे खरे होते. १९७४ ची चाचणी आणि १९९८ च्या चाचण्या, सगळ्याच जमिनीखाली खोलवर झाल्या होत्या; मी नकळत राजस्थानच्या वाळवंटात हिरोशिमा काढून ठेवले होते.

चूक कळली तरी ती खोडता आली नाही. कागदाच्या पृष्ठभागावर जो बारीक दाणा असतो, त्याच्या खाचांत पेन्सिलीचे शिसे बसते. मऊ पेन्सिल दाबून चालवली आणि वरून बोळ्याने घासले की त्या खाचा पूर्ण भरतात, कागद चकाकू लागतो आणि नंतर खोडरबर तेथे केवळ करडा डाग व उसवलेले तंतू मागे ठेवतो. आपल्या भागात घरोघरी कापूस असतो, त्यामुळे हात आपोआप त्याकडे जातो, पण निदान पहिले चार महिने तरी तो मोह टाळा. सगळी दृश्ये आधी एचबी या नेहमीच्या, कमी गडद पेन्सिलीने, हलक्या हाताने उभी करा आणि त्यांतील प्रत्येक वस्तू तपासून झाल्याशिवाय ४ बीच्या पुढची पेन्सिल उचलूच नका.

तपासणे म्हणजे केवळ तारीख जुळवणे नव्हे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान पीएसएलव्ही या रॉकेटने निघाले, तर १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ हे एलव्हीएम-३ या रॉकेटने निघाले. दोन्ही यानांच्या वेळी एकच रॉकेट काढले, तर जाणकाराला ते लगेच खटकते, कारण दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाडजूड बूस्टर, म्हणजे जादा जोर देणारी जोडरॉकेटे, असतात आणि पहिल्याच्या बुडाशी सहा बारीक. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतरच्या बँकेपुढील रांगेतल्या माणसाच्या हातात कोणती नोट आहे, हेही ठरवावे लागते. त्याच्या हाती बदलण्यासाठी आणलेली जुनी हजाराची नोट शोभते. नवी हजाराची नोट तेव्हा निघालीच नाही. या शोधात मला एक देणगीही मिळाली. नव्या दोन हजारांच्या नोटेच्या मागे मंगळयान छापलेले होते, त्यामुळे रांग आणि अवकाश ही दोन दृश्ये जोडणारा दुवा मला शोधत बसावा लागला नाही. अलीकडचा इतिहास काढणाऱ्याने हे विसरू नये की त्याचे साक्षीदार शेजारच्या घरात राहतात.

मोबाइलवर छायाचित्राचे पेन्सिलचित्र करून ते गिरवण्याचा मार्ग मला मुळीच मान्य नाही, कारण त्यात प्रत्येक दृश्याचा काळा रंग वेगळा येतो आणि पूर्ण कागद विसंवादी दिसतो. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतः पेन्सिल चालवणेही मला मान्य नाही. चूक दाखवून बाजूला होणारा माणूस, मग तो चित्रकार नसला तरी, मी अधिक चांगला गुरू मानते.

तरीही घाबरू नका. जे आपण स्वतः पाहिले आहे ते हात चुकू देत नाही. २०२० च्या टाळेबंदीत पांढरकवडा आणि हिंगणघाटवरून जाणाऱ्या महामार्गाने उत्तरेकडे चालत निघालेले मजूर मी पाहिले होते. डोक्यावरचे गाठोडे, खांद्यावरचे मूल आणि भर दुपारी पायांजवळ आखडलेली सावली यांसाठी मला कोणताही संदर्भ पाहावा लागला नाही. कागदाचा मध्यभाग मी २००६ ला दिला. त्या जुलैत पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. मी त्याच्या जागी कापसाचे रिकामे बोंड आणि बाजूला बंद दार काढले. हे दार आमच्या गल्लीतलेच आहे.

पोखरणचा कोपरा शेवटी मी पात्याने कापून काढला, त्याच जातीच्या कागदाचा तेवढाच तुकडा मागून चिकटवला आणि त्यावर लष्करी गणवेशात वावरणारे शास्त्रज्ञ, काटेरी तारेचे कुंपण आणि वाळूने झाकलेले विवराचे तोंड काढले. जोड तिरप्या उजेडात दिसतो. पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायच्या फिक्सेटिव्ह या द्रावाचे दोन पातळ हात मी पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवशी मारले, आणि त्याआधी काकांना बोलावून सगळा कागद पुन्हा एकदा दाखवला.