नव्या मत्स्यालयात पहिले मासे सोडताना

काचेची टाकी भरून फिल्टर सुरू केला की दोन-तीन दिवसांत पाणी नितळ दिसू लागते, आणि बहुतेकांना तेवढ्यावरून टाकी माशांसाठी तयार झाली असे वाटते. परंतु पाणी स्वच्छ दिसणे आणि ते माशांना मानवणारे असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मासे आणण्याचा दिवस डोळ्यांनी पाहून किंवा पंचांगातला रविवार पाहून ठरवू नये. तो पाण्याच्या चाचणीवरून ठरवावा. नव्या टाकीत मासे मरण्याचे सर्वांत सामान्य कारण इथेच असते.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. त्यात विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य कुजून तयार होणाऱ्या अमोनियाची भर पडते. नैसर्गिक तळ्यात तो पसरून विरतो, पण टाकीत तो साचतो आणि माशांच्या कल्ल्यांना अक्षरशः भाजतो. मुरलेल्या टाकीत फिल्टरचा स्पंज, वाळू आणि दगड यांवर वाढलेले जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये, आणि पुढे नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच असते, कारण ते रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते, आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असतानाही मासा गुदमरतो. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते पुरेसे वाढेपर्यंत साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मत्स्यपालक या प्रक्रियेला ‘टाकी सायकल करणे’ म्हणतात.

हे काम माशांच्या जिवावर करण्याऐवजी मासे आणण्यापूर्वी करावे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी जिवाणूंना अमोनिया पुरवावा लागतो. सुगंध किंवा साबण न मिसळलेला शुद्ध अमोनिया थेंबाथेंबाने घालून त्याचे प्रमाण २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) आसपास आणावे, किंवा तो न मिळाल्यास रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे. फिल्टर रात्रंदिवस सुरू ठेवावा, कारण या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो. पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असेल तर त्यांची वाढ चांगली होते. एखाद्या परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकीतील वापरलेल्या स्पंजचा तुकडा मिळाला आणि तो ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये बसवला, तर कित्येक आठवडे वाचू शकतात. मात्र त्या टाकीत रोग असेल तर तोही सोबत येतो.

चाचणीसाठी पट्ट्यांपेक्षा थेंबांचे किट अधिक विश्वासार्ह असते. सुरुवातीला अमोनिया वाढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट चढते, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. केवळ एकदा शून्य दिसले म्हणून समाधान मानू नये. पुन्हा २ पीपीएम अमोनिया घालावा, आणि २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तरच टाकी तयार समजावी. या काळात पाणी मध्येच दुधासारखे गढूळ होते. ती पाण्यात तरंगणाऱ्या जिवाणूंची तात्पुरती वाढ असते, आणि तिच्यामुळे घाबरून टाकी रिकामी करण्याचे कारण नाही. मासे आणण्याच्या आदल्या दिवशी निम्म्याहून अधिक पाणी बदलून साचलेले नायट्रेट २० पीपीएमच्या आसपास किंवा त्याखाली आणावे.

बदलण्यासाठी घेतलेल्या नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि जिवाणूंनाही मारते. पाणी दिवसभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जाते. परंतु काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात आणि ते असे उडत नाही. म्हणून क्लोरीन व क्लोरामाइन दोन्ही निष्प्रभ करणारे द्रावण बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालणे अधिक सुरक्षित.

पहिले मासे काटक निवडावेत आणि मोजकेच आणावेत. साठ लिटरच्या टाकीत झेब्रा डॅनिओचा सहाचा छोटा थवा ही चांगली सुरुवात आहे. हे मासे थव्यानेच राहतात, दोन-तीन आणले तर बुजतात किंवा एकमेकांना छळतात, आणि उडी मारण्यात तरबेज असल्यामुळे टाकीला झाकण लागते. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे असेल तर प्लॅटी किंवा गप्पी बरे. निऑन टेट्रा सुंदर दिसतो, पण नव्या टाकीतील चढउतार त्याला सोसत नाहीत. त्याला काही महिन्यांनंतर आणावे. गोल्डफिश लहान दिसला तरी पुढे मोठा होतो आणि खूप घाण करतो, त्यामुळे छोट्या टाकीसाठी तो योग्य नाही. दुकानात मासा निवडताना त्याचे पर मिटलेले आहेत का, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का आणि तो एका कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ धापा टाकत आहे का, हे नीट पाहावे. त्याच टाकीत एखादा मेलेला मासा असेल तर बाकीचे कितीही तजेलदार दिसोत, घेऊ नयेत.

घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करावा आणि बंद पिशवी १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते. मग पिशवी उघडून तिची कड बाहेरच्या बाजूला दुमडावी, आणि दर पाच-सात मिनिटांनी टाकीतले थोडे पाणी, साधारण अर्धा कप, तिच्यात घालत राहावे. पाऊण तासात पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) आणि जडपणा हळूहळू जुळत जातो. या वेळी माशांच्या कल्ल्यांकडे लक्ष ठेवावे: त्यांची उघडझाप संथ आणि सारखी होत जाणे ही मासे स्थिरावत असल्याची खूण आहे. शेवटी मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये, कारण त्यात अमोनिया आणि रोगजंतू दोन्ही असू शकतात.

मासे लांबच्या प्रवासाने, अनेक तास बंद पिशवीत आले असतील तर मात्र ही संथ पद्धत उलटू शकते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरलेला असतो, आणि त्यामुळे साचलेला अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि त्याच अमोनियाचे विषारी रूप वाढू लागते; सामू एकाने वाढला तर ते सुमारे दहापट होते. अशा माशांना तापमान जुळवून झाल्यावर, पिशवी उघडल्याबरोबर शक्य तितक्या लवकर टाकीत घ्यावे.

पहिल्या दिवशी खायला देऊ नये. दुसऱ्या दिवसापासून दिवसातून एकदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. पहिले दोन आठवडे रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. कोणतेही एक ०.२५ पीपीएम किंवा अधिक दिसले तर त्याच दिवशी २५ ते ५० टक्के पाणी बदलावे, आणि नवे पाणी टाकीच्या तापमानाचे असावे. फिल्टरचा स्पंज या काळात धुऊ नये, आणि पुढे धुण्याची वेळ आली तरी तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. पुढचे मासे किमान दोन आठवड्यांनी, चाचणी सलग शून्य दाखवत असतानाच आणावेत, आणि शक्य असल्यास त्यांना आधी २ ते ४ आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून मगच पहिल्या थव्यात मिसळावे.