मिरामारच्या ग्रिलवर रंग टिकवायचा तर

पणजीत मिरामारच्या समुद्राजवळच्या आमच्या बाल्कनीचं ग्रिल दोन वर्षांत तीनदा रंगवलं, तिन्ही वेळा पोपडे. रंग बिचारा निर्दोष, दोष खाऱ्या वाऱ्याचा आणि माझ्या घाईचा. धुण्याआधीच पॉलिश पेपर मारला की मीठ लोखंडाच्या खड्ड्यांत आणखी दडपलं जातं. म्हणून आधी गोड्या पाण्याने ब्रश लावून धुवा. सुकल्यावर 80 नंबरचा पेपर, मग थिनरचं फडकं. उघडं लोखंड इथे बघता बघता तांबूस होतं, तेव्हा त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. कडांना एक हात जादा. वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग, कारण एपॉक्सी उन्हात खडूसारखं भुरभुरतं. आर्द्रता 85 टक्क्यांवर असेल तर डबा उघडूच नका, जूनआधी उरका. आठवड्याने रंगाची पकड तपासायला आतल्या कोपऱ्यात ब्लेडने बारीक चौकटी कापून सेलोटेप ओढा. या खेपेस माझ्या टेपला रंग नाही, नुसती धूळ लागली.