टायमिंग बेल्ट बदलताय? आधी ऑइल सील बघा

टायमिंग कव्हरची, म्हणजे इंजिनातल्या दातेरी टायमिंग बेल्टवरच्या झाकणाची, खालची कड बोटाला तेलानं चिकट लागली, तर आधी वरचं टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) पुसून बघा. ते कोरडं असेल तर बहुधा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा क्रँकशाफ्टचं (पिस्टन फिरवतात तो दांडा) सील, म्हणजे तेल अडवणारी रिंग, गळतंय. तेल प्यायलेला रबरी बेल्ट फुगतो, मऊ पडतो; पुसून परत चढवू नका, प्लीज. त्याच खोलाखोलीत सील, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि याच बेल्टवर चालत असेल तर वॉटर पंपही नवा घाला, मजुरी एकदाच पडते. आमच्या मालवणात खाऱ्या हवेनं बोल्ट गंजून धरतात, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. बेल्ट बसला की क्रँक पान्यानं हळूहळू पूर्ण २ फेरे फिरवून पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवून बघा. मध्येच अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असतील.