टेपवर पोट येतं, उभं राहणं येत नाही

डिचोलीहून रोज बसने म्हापशाला जाऊन मी एका मास्तरांच्या हाताखाली कोट शिवायला शिकलो. एकट्यानं कापलेला पहिला कोट नवऱ्यामुलाच्या वडिलांचा. छाती 42, पोट 45. बाजूंना कापड वाढवलं आणि निर्धास्त झालो. ट्रायलला बटण लावलं, तर खाली दोन्ही पल्ले फाकलेले, पाठीवर कॉलरखाली आडव्या वळ्या. आरशात बघून ते म्हणाले, "हो म्हजोच कोट मरे?" (हा माझाच कोट ना रे?)

पोट सुटलेला माणूस मागे रेलून उभा राहतो. पुढचं कापड पोटावर चढून मग खाली उतरतं, म्हणून घेराबरोबर पुढे लांबीही जास्त लागते आणि पाठ आखूड लागते. वहीतल्या छाती-कंबर-सीटच्या (म्हणजे बसण्याच्या भागाच्या) मापांमध्ये हे कुठेच येत नाही. मानेच्या मागच्या हाडापासून दोन मापं घ्या: एक पाठीवरून सरळ कमरेपर्यंत, दुसरं खांद्यावरून पुढे येऊन पोटावरून कमरेपर्यंत. पोटवाल्याचं दुसरं वाढतं, पोक काढणाऱ्याचं पहिलं. टेप लागली की गिऱ्हाईक पोट आत ओढतं. त्याला मासळीच्या भावावर बोलतं करा आणि बाजूनं बघा.

कापून झाल्यावर पुढची लांबी वाढत नाही. मास्तरांनी खांद्याची शिवण उसवून पाठ वर उचलली. कोट वाचला, लांबी थोडी गेली. हे आधी का नाही सांगितलं? मास्तर चूक झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. तरी व्हिडिओ बघून सगळ्यांना एकच कागदी पॅटर्न लावणाऱ्यांपेक्षा ते परवडले.

बाकीचं हाताला येतं, घाबरू नका. बुटक्याला कोट जरा आखूड, बटण किंचित वर, पँट त्याच रंगाची. उंच-सडपातळाला घट्ट कोट नको, काठी दिसते. डबल ब्रेस्ट, म्हणजे पुढे पल्ल्यावर पल्ला येणारा दोन रांगा बटणांचा कोट, खुलतो. एक खांदा उतरता असेल तर त्या बाजूला पॅड जाड. खांदा मात्र पहिल्यापासून बरोबर हवा, नंतर दुरुस्तीत दिवस जातो. गोव्याच्या उकाड्यात पाठीला अर्धंच अस्तर द्या.

नाताळ ते कोरेज्मच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासापर्यंत लग्नांची झुंबड असते, तेव्हा कच्ची ट्रायल गाळायचा मोह होतो. गाळलीत तर मेलात. मी अजून कच्च्या टाक्यावर, एकच बाही लावून कोट घालायला देतो. नवरामुलगा स्वतःला बघून हसतो, पोट सोडतो, आणि तेवढ्यात मी खडू काढतो.